काशीरामची कॉलेजची जीन्स

वाकोल्याच्या आमच्या चाळीत काशीराम परबाइतका कापडातला जाणकार दुसरा नव्हता, असं खुद्द काशीरामच सांगायचा. गिरणीत कापड विणायचे साचे चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. संपानंतर गिरणीने दार लावलं ते लावलंच, पण त्याचा हात अजून समोरच्याच्या बाहीकडे जायचा. कापड चिमटीत धरून, "भेसळ आहे रे!" म्हणून हा मोकळा. त्याला येताना पाहिलं की लोक हात पाठीमागे लपवायचे.

घर चालायचं ते बायकोच्या, वनमालाच्या, शिलाई मशीनवर. चाळीतले झाडून सगळे ब्लाउज आणि परकर तिच्या हातचे.

अशात कुणाच्या तरी ओळखीने काशीरामला गोरेगावच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. सिनेमाच्या गाण्यात गर्दीला कॉलेजची पोरं हवी होती. जीन्स ज्याची त्याने घालून यायची, नाहीतर गेटवरूनच परत. एकदा तोंडओळख झाली की पुढे रोज काम, असं त्याला कळलेलं. गडी पंचेचाळिशीचा, पण मागे हटतो कसला! मिशी उडवली, कलप लावला. केसांबरोबर कानही काळे झाले. शेजारचा अँथनी बोटीवर नोकरीला, त्याच्याकडून फॉरेनचं जीन्सचं कापड आणलं. ओढलं की रबरासारखं लांबायचं, पण एकाच बाजूने.

"अहो, ही ओढ आडवी घेते," वनमाला म्हणाली. "बसताना माणूस रुंदीला पसरतो."

"तुला काय कळतंय गो? गुडघा वरखाली दुमडतो ना? मग ओढ उभी घे. साच्यावर मी होतो की तू?"

"मग आत माया तरी सोडते. घट्ट झाली तर उसवून सैल करता येईल."

"माया तुझ्या ब्लाउजात सोड. हिरोची कशी कातडीसारखी चिकटून असते!"

वनमालाने तो म्हणाला तशी कात्री चालवली.

सकाळी जीन्स मांडीपर्यंत चढली आणि तिथेच थांबली. काशीराम खाटेवर आडवा. वनमालाने कंबर धरली, अँथनीची बायको आयरीन चेनला सुतळी बांधून ओढायला लागली.

"काशीराम, पोट आत घे! आत!"

"घेतलंय गं बाई! हे उरलेलं आहे!"

चेन लागली. दोघींनी त्याला फळीसारखा उचलून उभा केला. वर कंबर आवळलेली, आणि खाली जीन्सचे पाय मात्र चालेल तसे लांबत चाललेले. जिना उतरेपर्यंत जीन्स टाचेखाली आली. बसमध्ये जागा रिकामी, तरी हा उभाच. कंडक्टर म्हणाला, "बसा की." काशीराम म्हणाला, "डॉक्टरने सांगितलंय."

स्टुडिओत गेट पार झालं. नाचात मागच्या रांगेत हात हलवून निभावलं. मग हुकूम सुटला, "सगळे कट्ट्यावर बसा!" पोरं टपाटप बसली. काशीराम वाकायला गेला, पण गुडघे वाकले तरी कंबर ऐकेना. टेकला तसा घसरला आणि कट्ट्याला शिडीसारखा लागून राहिला. वनमालाची दुहेरी शिवण, एक टाका हलेल तर शपथ!

"ओ काका!" गर्दीतली माणसं सांभाळणारा ओरडला. काका म्हटल्यावर कलप फुकट गेला. काशीरामला वाटलं, आता घरी हाकलणार.

त्या माणसाने त्याला खालून वर न्याहाळलं. "ताठ छान उभे राहता हो. कॉलेजच्या गेटवर वॉचमन होणारा आलेला नाही. खाकी चढवा."

जीन्स काढायची सोयच नव्हती. खाकी तिच्यावरच चढली. दिवसभर काशीराम कॉलेजच्या गेटवर असा उभा, की खऱ्या वॉचमनने लाजावं.

रात्री तो दारातच म्हणाला, "उद्या पण बोलावलंय. वॉचमन म्हणून. परवा कोर्टाच्या दारातला पोलीस."

"देव पावला!" वनमालाने कात्री उचलली. "या इकडे, उसवते ती."

"हात लावू नको!" काशीराम दोन पावलं मागे सरला. "फक्त चेनला सुतळी कायमची बांधून दे. आणि आयरीनला सांग, सकाळी लवकर ये."