मधल्या खोबणीवर

माझा नवरा वीस वर्षं डोंगर चढत आला. मी विदर्भातली, सपाट मुलखातली. लग्नानंतर पुण्यात आले आणि कातळावर पाय कसा रोवायचा हे त्यानेच मला शिकवलं. दर रविवारी पहाटे आम्ही कोथरूडहून गाडी काढायचो. आठवडाभर खराडीला ऑफिसात मान मोडायची आणि रविवारी त्याच्यामागून चढायचं, असं सात वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात मावळातल्या एका किल्ल्यावरून उतरत होतो. वाटेत वीसेक फुटांचा सरळ कातळ आहे. यापूर्वी चारदा उतरलो होतो, म्हणून दोर घेतला नव्हता. मी आधी उतरले. तो अर्ध्यावर आला आणि थांबला.

"पाय कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याचा डावा पाय थरथरताना दिसला.

"डावीकडे, वीतभर खाली. खोबण आहे."

"दिसत नाहीये."

"बघू नकोस. पायानं चाचपून बघ."

"नाही जमत गं."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी वर चढायला लागले, तर तो ओरडला, "येऊ नकोस! तू हललीस की मला गरगरतंय." मग मी खाली दोन्ही हात वर करून उभी राहिले. तो पडला असता तर त्या हातांनी काहीही झालं नसतं. माझ्या मागे दोन पावलांवर दरी होती. मोबाइलला रेंज नव्हती. त्याला धीर द्यायला मी काहीबाही बोलत राहिले, तर तो म्हणाला, "जरा गप्प बस."

शेवटी तो इंच इंच करत परत वर गेला आणि कडेपासून लांब जाऊन बसला. मी वर यायला निघाले, तर तिथूनच नको म्हणाला. तो वर, मी खाली. असा दीड तास गेला. मग वरून कॉलेजच्या मुलामुलींचा एक ग्रुप आला. त्यांनी त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडलं. मागोमाग उतरून दोर सोडवताना त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, सवय नसेल तर कशाला येता?"

तो म्हणाला, "बरोबर आहे." मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने मान हलवून मला अडवलं.

नंतर डोळे तपासले, कान तपासले, मेंदूचा स्कॅनसुद्धा झाला. डॉक्टर म्हणाले, "काहीच दोष नाही. होतं असं कधी कधी." काहीतरी निघालं असतं तर औषध तरी देता आलं असतं, असं तेव्हा मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दोन-तीनदा तो पायथ्यापर्यंत आला. टपरीवर चहा घेऊन "तू जाऊन ये" म्हणायचा. मी अर्ध्यातून परत यायचे आणि ऊन फार आहे, असं सांगायचे. त्याला ते कळत होतं.

गेल्या शनिवारी त्याने माझी सॅक भरून दाराशी ठेवली.

"उद्या मी येत नाही. तू मैत्रिणींबरोबर जा."

"मग मीही नाही जात."

"दोघांनी घरात बसून काय होणार आहे?"

रविवारी मी गेले. वरपर्यंत गेले. घरी आल्यावर त्याने विचारलं, "कसं होतं?" मी म्हटलं, "ठीक होतं." त्याने माझ्या खांद्यावरून सॅक उतरवून घेतली आणि रिकामी करायला बसला.