उघडा पत्रा

खिशात सदा स्क्रूड्रायव्हर, म्हणून बाजारात त्याला सगळे पेचकस म्हणत. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देणं हा त्याचा धंदा, आणि तयार, सीलबंद कॉम्प्युटर विकणाऱ्यांना शिव्या घालणं हा धर्म. "जे उघडता येत नाही ते आपलं नसतं," तो गिऱ्हाइकांना सांगे. घरच्या कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा तर तो कधी बसवतच नसे. उद्या पुन्हा उघडायचंच, तर झाकायचं कशाला?

हा कॉम्प्युटर त्याने मुलीसाठी जोडला होता. ती इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. पण तो पुरा म्हणून कधी झालाच नाही. आज मेमरी वाढव, उद्या पंखा बदल. ती जेवायला उठली की हा हजर. "बाबा, नीट चाललाय ना? मग राहू द्या," ती म्हणे. पण हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला कानही नव्हते.

शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली, ती मैत्रिणीकडे गेली असताना त्याने जुनी डिस्क काढून नवी, वेगवान बसवली. तिला चकित करायचं होतं. नकाशे आधी कॉपी केले. निदान त्याला तसं वाटलं. कॉपी झाले होते मागच्या वर्षीचे. आणि चांगला भाग पडून राहिलेला त्याला बघवत नसे, म्हणून जुनी डिस्क पुसून त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाला बसवूनही दिली.

मुलीचं वर्ष वाया गेलं. ती रडली नाही की भांडली नाही. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. यावर या शहाण्याने काय सांगावं? "पण बघ, आता किती पटकन चालू होतो." असं एखादं वाक्य तोंडातून जातं आणि माणूस जन्मभर जीभ चावत बसतो.

नोकरी लागल्यावर तिने एक पातळ, सीलबंद कॉम्प्युटर आणला. त्याने तो उलटा करून कडेने बोट फिरवलं. एकही स्क्रू लागला नाही. लगेच तोंडाचा पट्टा सुरू झाला. "अगं, यात सगळं चिकटवलेलं. एक भाग गेला की अख्खा कचऱ्यात. काही वाढवता येणार नाही, बदलता येणार नाही. मला हा उघडतासुद्धा येणार नाही."

"माहितीये, बाबा," ती म्हणाली. "म्हणूनच घेतला."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी त्याने माळ्यावरून जुन्या कॉम्प्युटरचा पत्रा शोधून काढला, धूळ पुसली, आणि सगळे स्क्रू आवळून तो पक्का बसवून टाकला.