स्टीफनची चौथी शर्यत

माझा धाकटा भाऊ स्टीफन सदुसष्ट वर्षांचा आहे. तीस वर्षं त्याने आयटीआयमध्ये मुलांना मोटारदुरुस्ती शिकवली आणि स्वतः जुन्या स्कूटरवर हिंडला. निवृत्त झाल्यावर भंगारातून एक लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार उचलून आणली. तिचं इंजिन सीटांच्या मागे आहे. ती धावती करायला त्याला पाच वर्षं लागली.

दर जानेवारीत कोपरगावजवळच्या एका जुन्या खासगी विमान-धावपट्टीवर, पिंपं मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर, अशा गाड्यांचे हौशी मालक जमतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. तीन फेऱ्या, त्यातली सर्वांत वेगवान धरायची. घड्याळ आणि वही माझ्याकडे असते. स्टीफनची खरी चुरस त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याशी, ऊस बागायतदार काकासाहेबांशी. सलग तीन वर्षं स्टीफन हरला होता. या वेळी घरून निघतानाच त्याची बायको जास्मिन म्हणाली, "आता हरलात तर गाडी विकायची. शब्द द्या." त्याने दिला.

काकासाहेब नवी कोरी पिवळी गाडी घेऊन आले. आदल्या दिवशी पूजा झालेली. त्यांच्या आईने झेंडूचा तीनपदरी हार पुढच्या जाळीला सुतळीने घट्ट बांधलेला.

"सर, या वर्षी तरी जोर लावा! मला एकट्याला लई कंटाळा येतो जिंकायचा."

"आयटीआयच्या वर्कशॉपला कार्ब्युरेटर उलटा बसवणारा तूच ना रे?"

"एकदाच बसवला हुता, सर!"

स्टीफन आधी धावला. एक मिनिट बावन्न पूर्णांक चार सेकंद! त्याची आजवरची सर्वांत चांगली वेळ. मग पिवळी गाडी सुटली. पहिल्या फेरीला एक अठ्ठावन्न, दुसरीला दोन मिनिटांच्या वर. तिसरी अर्धवट सोडून काकासाहेब वाफाळती गाडी घेऊन परत आले. म्हणजे स्टीफन जिंकला! मी वहीत आकडा लिहायला घेतला.

पण स्टीफन पिवळ्या गाडीपुढे वाकून उभा होता. झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या जाऊन जाळी गच्च भरली होती.

"काकासाहेब, हवाच आत जात नाही हिच्या. मला सकाळीच दिसलं होतं. पण पूजेचा हार, मी कसा काढायला सांगणार? ताई, याच्या या फेऱ्या धरू नकोस."

जास्मिनने डोळे मोठे केले. "अहो, शब्द आठवतोय ना?"

"आठवतोय."

काकासाहेब डोकं खाजवत म्हणाले, "आईनं बांधलाय, सर. मी काढून टाकनार न्हाई."

"टाकू नकोस. माझ्या गाडीला बांध. हिचं इंजिन मागे आहे, तोंड झाकलं तरी हिला काही होत नाही."

हार लाल गाडीला बांधला आणि मग आम्ही सगळेच पिवळीच्या जाळीला भिडलो. कोणी चिमट्याने, कोणी बोटांनी पाकळ्या उपसल्या. मी विणायची सुई दिली. गाडी निवल्यावर काकासाहेब पुन्हा सुटले आणि काय सुटले! पिवळा पट्टाच दिसला फक्त. एक्कावन्न पूर्णांक नऊ. स्टीफनच्या पुढे, अर्ध्या सेकंदाने.

"सर, तुमालाबी परत धावायला पायजे. नायतर मला झोप लागायची न्हाई."

स्टीफन लाल गाडीत बसला. पहिली फेरी त्रेपन्न. दुसरी बावन्न. तिसऱ्या फेरीला शेवटच्या वळणावर मागची चाकं सरकली, जास्मिनने माझा दंड आवळला, गाडी सरळ झाली आणि रेघ ओलांडून गेली. मी आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"एक्कावन्न पूर्णांक सात!"

काकासाहेबांनीच पहिली आरोळी ठोकली. "सर जिंकलं! सर जिंकलं!" त्यांनी स्टीफनला गाडीतून जवळजवळ उपटूनच काढलं. जास्मिन मात्र गाडीभोवती फिरून चाकं निरखत होती.

"घरी जाताना हळू चालवा," ती दरडावून म्हणाली. "आता ही पुष्कळ वर्षं टिकायला हवी."