शेवटचा कागद

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी धुळ्याच्या कचेरीत कारकुनीत गेली. अपुरी फाइल परत येते, एवढं एक तत्त्वज्ञान त्यांनी तिथून घरी आणलं. लांबच्या एका नामवंत संस्थेत पीएचडीच्या मुलाखतीला मी निघाले तेव्हा माझी फाइल त्यांनीच लावली. अर्ज मी खुल्या जागेसाठी केला होता आणि लेखी परीक्षेत पहिली आले होते. तरी त्यांनी सगळ्यांत खाली जातीचा दाखला जोडलाच. "कागद कमी पडाले नको, बेटा," म्हणाले.

आमचं आडनाव खानदेशात चार जातींत चालतं. मुलाखत घेणारे मुख्य प्राध्यापक खानदेशातलेच, त्यांनी मनाशी त्यातली सोयीची जात धरली. धरणगावचा कापूस, जिनिंग कारखान्यातल्या बायकांची मजुरी या माझ्या विषयावर मी बोलत होते आणि गृहस्थ मान डोलावत होते. "घरातच वाचनाचे संस्कार दिसतात," असंही म्हणाले. बोलता बोलता पानं उलटत होते. शेवटच्या पानावर थांबले.

"अच्छा," म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

मग मला इंग्रजी झेपेल का, तिकडचं वातावरण मानवेल का, अशी चौकशी सुरू झाली. पाच मिनिटांपूर्वीचे संस्कार कुठे गेले कोण जाणे. मुलाखतीत मला तीसपैकी दोन गुण दिले. शून्य द्यायचीही धमक नव्हती. जातीपातीवर या माणसाची दोन जाडजूड पुस्तकं आहेत. तेव्हा मला त्याची किळस आली, आजही येते.

यादीत माझं नाव नाही हे कळल्यावर आबा म्हणाले, "तो कागद मी लावाले नको व्हता. मनी चूक शे." जागा गेली ती गेली. पण त्या माणसापायी माझ्या बापाने माझी माफी मागितली, हे मी कधीच सोडणार नाही.

पुढच्या वर्षी दुसरीकडे मुलाखत होती. फाइल मी लावली, दाखला सगळ्यांत वर ठेवून.

"वर काबर लावा?" आबांनी विचारलं.

"मोठी माणसं असतात, आबा. पानं उलटायचे कष्ट कशाला द्यायचे त्यांना?"

दाखला थोडा तिरपा लागला होता, तो आबांनी काढला आणि नीट सरळ करून पुन्हा वरच लावला.