आत्यांची सात दिवसांची शाळा

माझ्या बायकोच्या आत्यांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत नोकरी केलेली नाही, आणि तरीही वसईच्या किल्ल्यापासून विरारच्या डोंगरापर्यंत त्यांच्याइतक्या हाडाच्या शिक्षिका दुसऱ्या सापडणार नाहीत, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. सांडोरला त्यांची केळीची आणि भाजीची वाडी आहे, वाडीच्या तोंडाशी घर आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहतो, मागे आत्या. वय विचारले तर "दाखल्यावर आहे, दाखला ट्रंकेत आहे" एवढेच उत्तर मिळते. कमरेच्या पिशवीत पैसे, अडकित्ता किंवा तंबाखू असावी असे हे वय. आत्यांच्या पिशवीत खडू असतो. लग्नाची पत्रिका आली की त्या ती तपासतात आणि कोपऱ्यात लाल शाईने गुण देतात: मजकूर सहा, टापटीप चार. जेवायला बोलावलेल्या घरी यजमानीण कौतुकाच्या अपेक्षेने उभी असते, तेव्हा त्या पान संपवून सांगतात, "भाजीला सात. मीठ वेळेवर पडलं असतं तर आठ दिले असते." एका सत्यनारायणाला गुरुजींनी तिसरा अध्याय घाईत उरकला, तर आत्यांनी मागून शांतपणे "तिसरा पुन्हा" म्हटले, आणि गुरुजींनी तो पुन्हा वाचला. वाडीतल्या प्रत्येक राजेळी केळीला पत्र्याचा नंबर आहे आणि त्या नंबरांचे हजेरीपुस्तक आहे. बावीस नंबरला घड उशिरा लागला त्या वर्षी मी तिच्या रकान्यात "मेहनत कमी" असा शेरा पाहिलेला आहे.

त्या डी.एड. आहेत, आणि पहिल्या वर्गात. नेमणुकीचा कागदही आला होता. पण तो आला तेव्हा घरात सुकेळी घातलेली होती. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या उंच माचावर वाळवतात, ती सुकेळी. केळी माचावर पडली की सात दिवस घरातले माणूस हलत नाही. दुपारी एकेक केळे उलटायचे, ऊन उतरायच्या आत सगळी घरात घेऊन झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. पाणी लागले की बुरशी, आणि वर्षाचा माल उकिरड्यावर. वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ लहान. आत्यांनी उलट टपाली कळवले की माल बाहेर आहे, सात दिवसांनी हजर होते. त्यांच्या घरात हे कारण कोणालाही पटले असते. आठव्या दिवशी त्या नवे पातळ नेसून शाळेत गेल्या, तर त्यांच्या वर्गावर दुसऱ्या बाई शिकवत होत्या. आत्या खिडकीशी पाच मिनिटे उभ्या राहिल्या आणि परत आल्या. "बऱ्या शिकवत होत्या," असे त्या आजही सांगतात. "फक्त मुलांकडे पाठ करून बोलत होत्या." ह्यापलीकडे या विषयावर त्यांचे एकही वाक्य माझ्या ऐकण्यात नाही.

गेल्या वर्षी थंडी सरताना माझ्या मेव्हण्याच्या तिन्ही मुलांची शाळा दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहिली आणि अभ्यास घरी घ्या, असा निरोप आला. मेव्हणा फुलपाड्यात राहतो. नवरा-बायको दोघे नोकरीला. मोठी सई नववीत, मधला पार्थ चौथीत, धाकटी मनू पाच वर्षांची. आत्यांनी स्वतः फोन करून मुलांना मागून घेतले. मेव्हण्याची बायको हिशेबी आणि सरळ आहे. रविवारी मुलांना सोडायला आली तेव्हा ती ओटीवर बसून म्हणाली, "आत्या, स्पष्ट बोलते, राग मानू नका. पार्थला भागाकार येत नाही. पुढच्या महिन्यापासून त्याला आमच्या बिल्डिंगखालच्या क्लासला घालणार आहे, शनिवार-रविवार. सईलाही. आता तुम्ही शिकवायचं म्हणताय तर आठवडा बघू. शनिवारी मी पेपर घेईन. पार्थला दहापैकी सात पडले तर क्लास रद्द, दर शनिवार-रविवार मुलं तुमच्याकडे."

"पेपर कोण काढणार?"

"क्लासचाच आणते."

"हरकत नाही. बाहेरचा परीक्षक बरा." आत्या नेहमीच्या आवाजात बोलल्या, पण उठताना चहाचा कप घ्यायचा सोडून बशी घेऊन आत गेल्या.

त्याच रविवारी कोठीतली केळी पिकली. माझी बायको म्हणाली, "आत्या, या खेपेला विकून टाक ना तशीच. शाळा आणि सुकेळी एकदम कशाला?" आत्या म्हणाल्या, "पिकलेलं थांबत नाही," आणि सोमवारी सकाळी सात वाजता केळी माचावर गेली व साडेसातला शाळा भरली.

शाळेचे स्वरूप असे. नववीचा वर्ग पायरीवर, चौथीचा ओटीवर, बालवर्ग तुळशीपाशी. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो वाजवायला शिपाई म्हणून माझी नेमणूक झाली. संमती विचारण्यात आली नाही. साडेसात ते साडेबारा आत्यांना "बाई" म्हणायचे आणि "तुम्ही" म्हणायचे. मधल्या सुट्टीत पुन्हा "आत्याआजी" आणि "तू". आत्या स्वतः हा नियम आमच्यापेक्षा कडकपणे पाळत. एरवी आमच्याशी घरच्या बोलीत बोलणाऱ्या बाई घंटा होताच छापील मराठी बोलू लागत, आणि मनू मांडीवर चढायला आली तर "बालवर्ग, जागेवर" म्हणत. घंटा झाली की तीच मांडी उघडी असे.

पहिल्याच हजेरीला सईच्या हातात मोबाइल होता. सगळ्यांना वाटले आता तो जप्त होणार. आत्यांनी हजेरीपुस्तकात चौथे नाव लिहिले: मोबाइल. "सई?" "हजर." "पार्थ?" "हजर." "मनू?" "हजर, हजर, हजर." "मोबाइल?" सई हसू दाबत म्हणाली, "हजर, बाई." त्यानंतर दर दहा मिनिटांनी मोबाइलला प्रश्न येऊ लागले. "मोबाइल, काल दुपारी माचावर सावली कुठवर आली होती?" मोबाइल गप्प. "मोबाइल, बावीस नंबरची केळ कोणत्या बाजूला झुकली आहे?" पुन्हा गप्प. बुधवारी त्याच्या रकान्यात "वर्गात लक्ष नाही" असा शेरा पडला आणि गुरुवारी सईने त्याला आपण होऊन आतल्या खोलीत, म्हणजे घरी, ठेवले. "आजारी आहे," असे तिने बाईंना सांगितले. "अर्ज आण," बाई म्हणाल्या. तिने अर्ज आणला.

नववीच्या विज्ञानाबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद होते. आत्यांनी प्रकाशसंश्लेषण समजावून दिले तेव्हा सई म्हणाली, "बाई, आम्हाला फोटोसिंथेसिस आहे."

"एकच ते."

"पण आमचं इंग्लिशमध्ये आहे."

"केळीला विचार तिचं कशात आहे ते."

सईने केळीला विचारले नाही, पण मंगळवारपासून ती स्वतःहून त्याच दहा सुकेळ्यांचे रोज वजन करू लागली आणि वहीच्या मागच्या पानावर त्याचा आलेख काढू लागली. पार्थचा भागाकार ओटीवर होत नव्हता तो माचाशी झाला. दुपारी केळी उलटताना आत्यांनी त्याला विचारले, "एका ओळीत चोवीस. तुम्ही तिघं. मनूला तुमच्या निम्मीच द्यायची, तिचा हात पुरत नाही. तुझ्या वाट्याला किती?" पार्थने बोटांवर, मग पायाच्या बोटांवर, मग सईकडे बघून, शेवटी डोळे मिटून उत्तर काढले: साडेनऊ आणि आणखी काहीतरी. आत्या म्हणाल्या, "ते आणखी काहीतरी म्हणजेच भागाकार." त्यानंतर तो उरलेल्या केळ्याचे तुकडे करू लागला आणि ते खाऊन टाकू लागला, त्यामुळे बाकी नेहमी शून्य येई. मनूकडे काठी आणि कावळे होते. तिला सोमवारी वीसपर्यंत येत होते. शुक्रवारी ती साठपर्यंत कावळे मोजत होती, त्यातले बरेचसे एकच कावळा होता.

शिस्तीतून आत्यांनी स्वतःला वगळले नव्हते. बुधवारी भाजीवाल्याचा टेम्पो आला आणि त्या वर्गावर चार मिनिटे उशिरा पोहोचल्या. त्यांनी हजेरीपुस्तकात स्वतःच्या नावापुढे उशीर नोंदवला आणि अंगणातल्या चाफ्याखाली पाच मिनिटे उभ्या राहिल्या. मनू तांब्या घेऊन गेली. "बाई, पाणी?"

"शिक्षा चालू असताना बोलायचं नाही."

"मग मान हलवा ना."

आत्यांनी मान हलवली आणि पाणी प्यायल्या.

शनिवारी सकाळी मेव्हण्याची बायको पेपर घेऊन आली. शनिवार म्हणजे सुकेळीचा सहावा दिवस. केळी मधाच्या रंगाची झाली होती, आणखी एक ऊन हवे होते. पार्थला ओटीवर बसवले, दहा गणिते, एक तास. सईलाही एक पेपर होता, आणि मनूने रडून एक मिळवला. आई खुर्चीत घड्याळ बघत, आत्या ओटीच्या अंगणाकडच्या दाराशी उभ्या. अर्धा तास ठीक गेला. पार्थ डोळे मिटून आकडे काढत होता. मी घंटेपाशी होतो, तिथून मला त्याच्या पेपरवर पाच उत्तरे दिसत होती.

मग ऊन गेले. समुद्राकडून ढग आला होता. त्या दिवसांत पाऊस नसतो, पण ढगाला ते माहीत असल्याचे दिसले नाही. वारा सुटला, केळीची पाने फडफडली. माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "आत्या, सुकेळी!"

आत्यांनी मागे वळून पाहिले नाही. मी ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण माच त्यांच्या पाठीमागे पंधरा पावलांवर होता आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या माचावर माल असताना त्यांनी आकाशाकडे पाठ केल्याचे कोणी पाहिलेले नाही. त्या म्हणाल्या, "परीक्षा चालू आहे. कोणी उठायचं नाही." हे त्या मुलांना म्हणाल्या, पण चौकट घट्ट धरली होती ती त्यांनीच.

पहिला थेंब पायरीवर पडला. पार्थने पेन्सिल खाली ठेवली.

"पार्थ, बस," आई म्हणाली. "अजून पाच राहिलीत."

पार्थने आईकडे पाहिले नाही. तो आत्यांकडे बघून म्हणाला, "बाई, माल बाहेर आहे." आणि पळाला. मागोमाग सई, तिच्यामागे काठी घेऊन मनू. मग मी आणि माझी बायको, आणि शेवटी, "अरे, पेपर!" असे ओरडत, मुलांची आईसुद्धा. सुपे, टोपल्या, चादर, आईची ओढणी, हाताला येईल त्यात केळी भरून आत आणली. सर जेमतेम दहा मिनिटांची होती. माल वाचला. तो आत मांडून, झाकून अर्ध्या तासाने ओटीवर आलो तेव्हा आत्या दाराशी तशाच उभ्या होत्या आणि पार्थचा पेपर त्यांनी पाटाखाली दाबून कोरडा ठेवला होता.

वेळ संपली होती. मेव्हण्याची बायको न्यायाने वागली. तिने सोडवलेली पाचही गणिते तपासली, पाचही बरोबर निघाली. दहापैकी पाच. "आत्या, त्याला येतंय, मला दिसतंय," ती ओढणी पिळत म्हणाली. "पण पेपर अर्धा टाकून उठतो हा. उद्या मोठ्या परीक्षेत हेच केलं तर?" मी म्हणालो, "वहिनी, पुन्हा घ्या ना पेपर." माझ्याकडे पाहत आत्याच म्हणाल्या, "शिपायाने मध्ये बोलू नये. ठरलं ते सात होतं."

रविवारी ऊन पडले, सुकेळी पूर्ण झाली. केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून मुलांनी स्वतः पुड्या बांधल्या, संध्याकाळी तिघे गाडीत बसून फुलपाड्याला गेले. मनूने खिडकीतून "बाई" अशीही हाक मारली आणि "आत्याआजी" अशीही, कारण घंटा झाली की नाही हे तिला कळले नव्हते. ती वाजवायचे माझ्याकडून राहून गेले होते. पुढच्या महिन्यापासून पार्थ आणि सईचा क्लास सुरू झाला. "सुट्टीत बघू," असे वहिनी फोनवर म्हणतात, आणि त्या मनापासून म्हणतात असे माझे मत आहे.

हजेरीपुस्तक ओटीच्या कोनाड्यात असते. मी ते एकदा उघडले. परीक्षेच्या दिवशी पार्थच्या नावापुढे, वर्ग सोडून जाण्याचे कारण लिहायच्या जागी, लाल शाईत तीन शब्द आहेत: माल बाहेर होता. शेजारी गुणांच्या रकान्यात दहापैकी दहा.

त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारची तारीख त्यात घातलेली आहे. तारखेखाली सई, पार्थ, मनू. पण नावांपुढे काहीच नाही, गैरहजर अशी खूणही नाही. मी आत्यांना विचारले, आलेच नाहीत तर गैरहजर का लिहीत नाही?

त्या वांगी निवडत होत्या. "शाळा सुटल्याशिवाय गैरहजर लिहायचं नसतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "उशिरा येतं एखादं."