लिंबाला हात

सकाळी भाच्याचा फोन आला. दत्ता एवढंच म्हणाला, "मामा, लुगडं घेऊन या." बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं आणि ते भावानं न्यायचं असतं. पुढं विचारायला काही राहिलंच नाही. धारूरच्या दुकानदाराला घरून उठवलं, तिच्या आवडीचं हिरवं लुगडं घेतलं आणि युसूफ वडगावला तिच्या सासरी पोचेस्तोवर दुपार झाली. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. गिरजा माझी धाकटी बहीण. साऱ्या जन्मात ती माझ्यासाठी कुठं थांबली नव्हती... त्या दिवशी थांबली.

मला लिहायची सवय नाही. चौथीला दोनदा बसलो, मग शाळाच सुटली. दुसऱ्या खेपेला गिरजा मागून येऊन माझ्याच वर्गात बसली. तो मोठा दुष्काळ. निम्मी पोरं आईबापाबरोबर खडी फोडायला जायची, शाळा ओस. पळायच्या शर्यतीला पोरं पुरेनात, म्हणून गुरुजींनी पोरापोरींची एकच शर्यत लावली. शाळेच्या ओट्यापासून निघायचं, आटलेल्या तलावातून पलीकडं जायचं, बांधावरच्या लिंबाला हात लावायचा आणि माघारी ओट्यावर यायचं. बक्षीस म्हणून सोसायटीच्या चेअरमननी पितळी तांब्या दिलेला. तांब्या वर धरून ते म्हणाले, "तांब्या सोसायटीचा, पाण्याचं ज्याचं त्यानं बघावं." मोठी माणसं हसली. आमची आई हसली नाही, ती रोज दोन कोसांवरून पाणी आणायची.

तलावातल्या भेगांनी बाकीची पोरं मागं पाडली आणि राहिलो आम्ही दोघं. गिरजा परकराचा काचा मारून पळत होती. ओट्याला मी आधी पोचलो, हे गावानं बघितलं. पण ती धापा टाकत आली ती थेट गुरुजींपुढं.

"गुरुजी, दादानं लिंबाला हात लावला न्हाई! लांबूनच वळला!"

"लावला!"

"कावून खोटं बोलतो बे?"

थोरल्या भावाला 'बे' म्हणाली म्हणून गुरुजींनी तिचा कान धरला, तरी तिचं तोंड थांबेना. लिंबापाशी बघायला कुणीच नव्हतं. शेवटी गुरुजींनी तांब्या आमच्या दोघांच्या मधे ठेवला. म्हणाले, "एकाच घरात जातोय. घरी जाऊन भांडा." आम्ही गुरुजींचं ऐकलं. सारी हयात भांडलो.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मला धास्ती पडली, आता ही तांब्या घेऊन जाणार. लग्नाची भांडी नावं घालायला धारूरला न्यायची होती. मी त्यात गुपचूप तो तांब्या घातला आणि त्याच्यावर माझं नाव कोरून आणलं, 'रंगनाथ ज्ञानोबा'. म्हटलं, आता कोण नेतंय बघू. पण आमच्या आईला अक्षर येत नव्हतं. नाव घातलेलं भांडं दिसलं, तिनं उचलून रुखवतात मांडलं. वऱ्हाडातल्या मास्तरानं मोठ्यानं वाचलं, "हा भावाचा तांब्या!" सगळा मांडव वा वा करायला लागला. तिच्या सासऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. भर मांडवात मी काय बोलणार? मुंडावळ्यांच्या आडून गिरजा माझ्याकडं बघून हसत होती... पोट धरून हसायचीच ती बाकी राहिली होती.

तिकडं तिनं बायांची दूध संस्था उभी केली. पुढच्या एका दुष्काळात दुधाची गाडी यायची बंद झाली, तर डोक्यावर कॅन घेऊन ही बया सगळ्यात पुढं चालायची, मागून बाकीच्या बाया. संस्थेची चेअरमन झाली. त्याच साली मी आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत पडलो. भेटायला गेलो तर त्या तांब्यात पाणी आणून पुढं ठेवलं आणि म्हणते कशी, "दादा, इथं बी लिंबाला हात लावायचा ऱ्हायला का?" मी म्हटलं, "गिरजे, तांब्यावर नाव कुणाचं हाय ते वाच." ती म्हणाली, "नाव तुझं, तांब्या माझा. पी गुमान." दर वेळी हेच. दोघांचेही केस पिकले, तरी पाण्याआधी भांडण व्हायचंच. भांडणाशिवाय ते पाणी गोड लागत नसे.

दहावा झाल्यावर दत्तानं मला बाजूला घेतलं. "मामा, आई म्हनलीती, तांब्या मामाचा जीव की प्राण हाय. त्यानं मागितला तर देऊन टाक. पन मागू दे."

पक्की गिरजा! मागितला म्हणजे तो तिचा होता असं कबूल केल्यासारखं झालं की. जाता जातासुद्धा तिनं मला तलावापलीकडं उभं केलं. मी दत्ताला म्हणालो, "मी न्हाई मागत." तो बिचारा अजून वाट बघतोय.

तांब्या तिच्याच घरात आहे. पाणी मागायला मात्र हरकत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी मी एसटीनं तिकडं जातो. सूनबाई त्याच तांब्यात पाणी देते. पिऊन झालं की मी तो विसळतो आणि फळीवर पालथा ठेवतो. मग उंबऱ्यात येऊन आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "लावला होता हात!"

आणि चपला घालायला जरा उशीर करतो...