रॉकेलात धुतलेली बुशं

सत्तर-एकाहत्तर साली नगरजवळच्या एका शेडमध्ये मी माल तपासायला होतो. आम्ही पंख्यांची बुशं, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळकांडी, बनवायचो. तांब्या-कथलाची भुकटी साच्यात दाबायची, वितळू न देता भट्टीत भाजायची. बुशात डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. मग ते गरम तेलात बुडवलं की तेल पोटात शिरतं, आणि दांडा फिरून तापला की आपोआप झिरपतं. वरून तेल घालायला नको. एवढं कळायला डिग्री लागत नाही. मालकांच्या जावयाकडे मात्र डिग्री होती, आणि त्याला हे कळत नव्हतं!

खंडेनवमीला मालक गावाला गेलेले. पांढऱ्या पँटीतल्या ह्या शहाण्यानं फर्मान काढलं, "असला मेणचट माल देवीपुढं मांडायचा? सगळी बुशं रॉकेलात धुवा, उन्हात वाळवा. लखलखली पाहिजेत."

तेलाच्या टाकीवर पाथर्डीकडचे एक मामा होते. नवरा-बायकोनं बारा हंगाम ऊस तोडलेला. ह्या नोकरीमुळं ते सुटलं होतं, आणि नोकरी गेली तर पुन्हा फडातच जायचं होतं. तरी तेच बोलले.

"सायेब, रॉकेलनं पोटातलं त्याल निघून जाईल. पंख्यात कोरडी पडत्याली."

"मामा, तुमच्या घरी पंखा आहे का हो?"

सगळे हसले. मीही हसलो. हसायला काय जातं!

पूजा झाली. बुशं पुन्हा तेलात घालू, असं मामा म्हणाले. पण माल धाडायचा दसऱ्याचा मुहूर्त चुकवून कसं चालेल! माल निघायच्या आधी दहा बुशं तोलायची, हे माझं काम. तेल गेलं की वजन उतरतं. दहाच्या दहा हलकी भरली. मी "ठीक" लिहून सही ठोकली. दिवाळीला मला कायम करणार होते ना.

पंधरा दिवसांत पंखेवाल्यांनी पेट्या परत धाडल्या. दांडे किंचाळत होते, अडकत होते. मालकांनी सगळ्यांना उभं केलं. जावई बिनदिक्कत म्हणाला, "टाकीवाल्यानं माल बुडवलाच नाही." मामांनी रॉकेलचं सांगितलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "रॉकेलचा नुसता हात फिरवला होता, साहेब. टाकीतच नीट भिजली नसतील."

जावई मूर्ख होता. मी मूर्ख नव्हतो, मी नीच होतो. मामांना त्याच दिवशी काढलं.

दिवाळीनंतर एका कामाला पाथर्डीला उतरलो, तर स्टँडबाहेर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक भरत होता. खाली मामा आणि त्यांची बायको उभी. तोंड चुकवायला जागा नव्हती.

"कायम झालात का?" मामांनी विचारलं.

"झालो."

"ह्येच का त्ये?" बाईनं मामांना विचारलं.

"व्हय."

तिनं मला नीट बघून घेतलं. "मंग च्या पाजा की त्यास्नी. तुमच्या जिवावर कायम झाल्यात."

मामांनी खरोखरच टपरीवरून चहा आणला. आणि निर्लज्जासारखा मी तो प्यायलो.